सतरा नंबरची पट्टी

माझ्या मुलीच्या नावापुढे शाळेत सलग तीन वर्षं शून्य आलं आणि तिसऱ्या वर्षी ते कळवणारं पत्र मीच टाइप केलं. इचलकरंजीतल्या आमच्या शाळेत ओढमापनाचं सगळं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पालकांना जाणारी पत्रंही मीच काढायची. पालकाच्या नावाच्या जागी 'श्रीमती सुनेत्रा महावीर मगदूम' असं लिहिलं, छापलं, खाली मापनसेविका म्हणून सही केली, पाकीट चिकटवलं आणि पर्समध्ये घालून घरी आणलं. टपालाची यातायात वाचली.

महावीर, माझा नवरा, नुकताच मागावरून आला होता. सहा एअरजेट माग सांभाळून आलेल्या माणसाच्या कानात घरी आल्यावरही तासभर मागच चालू असतात. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"म्हंजे आता न्यायचं तिला?"

"जूनमध्ये. सहा महिन्यांसाठी."

"पन्हाळ्याला?"

"पायथ्याशी. संजीवन निवास."

"आणि तू काय करालीस?"

"मी पत्र आणलं," मी म्हणाले.

त्याने पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. चिडला असता तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात चिडायचं त्राण कुणाकडेच उरलेलं नव्हतं. जुई, आमची बारा वर्षांची मुलगी, आतल्या खोलीत पालथी पडून छताकडे बघावं तसं जमिनीकडे बघत होती. मी विचारलं, "काय चाललंय गं?" ती म्हणाली, "काही नाही." गेली चार वर्षं ती हेच सांगते.

ओढ म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण आठ वर्षं प्रत्येक पालकसभेत मी तेच सांगत आले. आपल्याला एखाद्या गोष्टीचं कुतूहल वाटतं तेव्हा मेंदूत एक हालचाल होते. ती उत्तर मिळाल्यावर होत नाही. उत्तर मिळण्याच्या अलीकडे, 'हे असं का?' या क्षणी होते. डोळ्याची बाहुली जराशी मोठी होते, पापणी लवायची थांबते, कपाळामागच्या भागाकडे रक्त थोडं जास्त धावतं. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त उजेड वेगवेगळा शोषतं. मुलाच्या कपाळाला बांधलेली पट्टी आत डोळ्यांना न दिसणारा मंद उजेड सोडते आणि परत किती आला ते मोजते. कानशिलाजवळचा कॅमेरा मूल कुठे बघतंय ते टिपतो. दोन्ही जुळवलं की कळतं, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी हे मूल या वस्तूकडे बघत होतं आणि त्याची ओढ एवढी वर गेली. त्या वर जाण्याला आम्ही उसळी म्हणायचो.

हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. पूर्वी पोराला काय आवडतं हे बाप ठरवायचा आणि बापाला काय आवडतं ते शेजारी ठरवायचे. पहिल्याच वर्षी आमच्या शाळेत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कामगाराच्या एका मुलीला लेथ मशीन बघून अशी उसळी आली की पट्टी बिघडली असं वाटून आम्ही तीनदा बदलली. ती पोरगी आज स्वतः यंत्रं आखते. तिच्याकडे एरवी कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

पण चांगल्या गोष्टीला नियम चिकटले की तिचं काय होतं, हे सरकारी शाळेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. उसळी आली की तीन दिवसांत त्या मुलाला खोका पोचलाच पाहिजे, असा नियम आला. खोक्यात त्या विषयाचं सगळं साहित्य, सोबत मार्गदर्शक, शनिवारचा वर्ग आणि स्पर्धेचा अर्ज. सातवीपर्यंतच्या उसळ्यांवरून आठवीत तंत्रशाखा मिळणार की साधी, हे ठरू लागलं. मग गल्लोगल्ली 'ओढ वाढवा' क्लास निघाले. एक आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या ह्याची ओढ मातीची भांडी करण्याकडं आलीया. ती तेवढी रोबोटकडं वळवून मिळंल का?" पोस्टाची ऑर्डर बदलून मागावी तसं ती मागत होती.

आणि वर्षागणिक उसळ्या कमी होत गेल्या. पहिल्या वर्षी मुलामागे दोनशेच्या आसपास असायच्या, आठव्या वर्षी साठ. वरच्या कार्यालयाने अहवालात लिहिलं, 'मुलांची ओढ स्थिरावली आहे.' मीही त्याखाली सही केली. दिवसाला बत्तीस पट्ट्या, बत्तीस आलेख, त्यावर खोक्यांच्या मागण्या, न आलेल्या खोक्यांची स्मरणपत्रं. एवढं करून घरी आल्यावर माणूस विचार कशाचा करणार?

आमच्या घरात खोका मात्र जुईला शाळेत पट्टी लागायच्याही आधी आला होता, आणि तो मी आणला होता. जुई सात वर्षांची असताना नळाखाली घागर लावून उभी होती. तिने मला विचारलं, "आई, घागर भरत आली की आवाज बारीक का होतो?" मला इतका आनंद झाला! मी तिथल्या तिथे तिला घागरीतल्या हवेचा खांब समजावला. पाणी चढतं तसा तो आखूड होतो आणि आखूड खांब बारीक वाजतो. दुसऱ्या दिवशी ध्वनीविज्ञानाचा संच आणला. आठवड्यात वर्ग लावला. पंधरा दिवसांत जुईने संचातले नादकाटे वरणात बुडवून ठेवले आणि पुन्हा कधी घागरीकडे बघितलं नाही. मग कुलपाचं झालं, पतंगाचं झालं, सायकलच्या डायनॅमोचं झालं. प्रत्येक वेळी मी धावत गेले. आणि मग तिचं 'काही नाही' सुरू झालं.

पाचवीत तिला पट्टी लागली, नंबर सतरा. पहिल्या वर्षी शून्य आलं तेव्हा मी पट्टी बदलली. दुसऱ्या वर्षी डॉक्टर बदलला. तिसऱ्या वर्षी पत्र टाइप केलं.

सलग तीन शून्यं आलेल्या मुलांना जिथे सहा महिने ठेवतात, त्या संजीवन निवासाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. तिथून मुलं सुधारून येतात. सगळ्या गोष्टींत रस घेतात, सगळ्यांना प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की 'धन्यवाद' म्हणतात. मी दोघा-तिघांना भेटले होते. त्यांच्याशी बोलून आल्यावर मला का कोण जाणे, हात धुवावेसे वाटायचे.

मार्चमध्ये मी तापाने आडवी झाले. सांधे असे धरले की कपसुद्धा उचलवेना. माझ्या जागी आठवडाभर आवटी सर आले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. परिपत्रकाच्या ओळीखाली बोट ठेवून वाचणारे आणि वाचलेलं करणारे, म्हणजे आमच्या खात्यात दुर्मीळच. त्यांच्यामुळे रोज प्रार्थनेला उशीर होतो अशी तक्रार माझ्या कानावर घरीच आली होती.

परत गेले, आठवड्याचा तक्ता उघडला. सतरा नंबर. सहा दिवसांत पाच उसळ्या.

मी खुर्चीत बसले आणि आधी चिडले ते आवटी सरांवर. कुणाची पट्टी कुणाला लावली असणार! फोन केला.

"सर, सतरा नंबर जुईलाच लावलात ना?"

"नंबर बघून लावलाय, मॅडम. मगदूम जुई. मागच्या बाकावर बसते."

"शून्य कसं लावलंत?"

"लिहिलंय तसं. पांढऱ्या भिंतीकडं चाळीस सेकंद बघून. का? तुम्ही कसं लावता?"

मी फोन ठेवला.

हे शून्य लावणं काय असतं ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच होती. वजनकाटा जसा आधी रिकामा शून्यावर आणतात, तशी ही पट्टीही रोज सकाळी शून्यावर आणावी लागते. त्यासाठी रक्त वाहणारं जिवंत कपाळ लागतं. सुरुवातीला कोमट पाणी फिरवणारं एक रबरी डोकं आलं होतं. ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकलं आणि दुसरं कधी आलं नाही. मग परिपत्रक निघालं की मापनसेविकेचं कपाळ वापरावं. त्यात शब्द असे होते, 'प्रौढ व्यक्तीची ओढ नगण्य असल्याने अडचण येणार नाही.' वाचून आम्ही सगळ्या सेविका हसलो होतो. मग खरंच आहे म्हणून गप्प झालो.

आता बत्तीस पट्ट्या, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे वीस-बावीस मिनिटं भिंतीकडे बघत उभं राहायचं. एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून आम्ही एक सोपी रीत काढली होती. वर्गाच्या दारात उभं राहायचं, मूल समोर आलं की त्याची पट्टी आधी आपल्या कपाळाला टेकवायची, बटण दाबायचं, आणि तीच त्याच्या कपाळाला बांधायची. दहा सेकंदांत काम. भिंतीच्या जागी समोर मूल असायचं, एवढाच काय तो फरक. जिल्हाभर हीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. सतरा नंबर कपाळाला लावली आणि भिंतीकडे बघितलं. टॅबवरच्या काट्यावर चार. मग दारात उभी राहिले. पहिला मुलगा आला, त्याची पट्टी लावली, त्याच्याकडे बघितलं. पाच. दुसरी मुलगी, चार. तिसरा, चार. मग जिन्यावरून जुई येताना दिसली. दप्तराचा एक बंद खांद्यावरून घसरलेला, ओठ मुडपलेले, नजर स्वतःच्याच पायांवर. आज हिच्या डोक्यात काय चाललंय? माझ्या मनात रोज यायचं तेच आलं. सतरा नंबर माझ्या कपाळाला होती.

एकसष्ट.

मी बटण दाबलं तर हे एकसष्ट म्हणजेच शून्य धरलं जाणार होतं. दिवसभरात जुईची ओढ जेवढी वर जाईल त्यातून माझे एकसष्ट वजा होणार. तीन वर्षं ते रोज वजा होत आले होते. माझ्या मुलीचं कुतूहल मेलेलं नव्हतं. तिच्याबद्दलच्या माझ्या कुतूहलाने ते खाऊन टाकलं होतं, आणि तेही आकड्यांत, रीतसर, रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी.

मला आणखी एका गोष्टीची लाज वाटली, तीही सांगून टाकते. बाकीच्या एकतीस मुलांचं माप बरोबर आलं होतं. कारण त्या एकतीस मुलांकडे मी इतकी वर्षं भिंतीकडे बघावं तशीच बघत आले होते.

त्या दिवशी जुईची पट्टी मी भिंतीकडे बघून शून्यावर आणली आणि तिला बांधली.

शाळा सुटल्यावर टॅब उघडला. रोज सकाळचा शून्याचा आकडा माझ्या टॅबमध्ये साठलेला असतो, फक्त माझ्याच. जुईच्या तीन वर्षांच्या आलेखात तो परत मिळवायचा, की खरे आकडे तयार. हिशेब सोपा होता. यंत्राला दोन मिनिटंही लागली नाहीत.

चारशे बारा उसळ्या. वर्गातल्या सगळ्यात हुशार म्हणवणाऱ्या मुलाच्या दोनशेही नव्हत्या.

तक्त्यात चार रकाने असतात. तारीख, वेळ, जागा आणि 'कशाची'. टॅबवर पहिले तीनच दिसत होते, चौथ्यासाठी पडदा बोटाने सरकवावा लागतो. मी जागेचा रकाना वाचत गेले. मागचा बाक, खिडकी. मागचा बाक, खिडकी. ओळीमागून ओळ तेच. शून्याच्या मुलांना बाई मागे बसवतात, पुढची जागा खोकेवाल्यांसाठी असते.

चौथा रकाना उघडण्याआधी मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी वर्गात गेले, मागच्या बाकावर बसले आणि खिडकीतून बघितलं. बाहेर जुन्या मागाच्या कारखान्याची मागची भिंत. एक पन्हळ. विजेच्या तारा. भिंतीत बसवलेला पंखा, त्यातून सुताचा भुसा उडत होता आणि खाली साठत होता. एक मांजर आलं आणि गेलं. मी अर्धा तास बसले. आपल्या डोळ्यांवर ताण देऊन, मान तिरपी करून, बारा वर्षांच्या उंचीवर येण्यासाठी खाली सरकूनसुद्धा बसले. मला भिंत दिसली. तीन वर्षं माझी मुलगी इथे बसून चारशे वेळा 'हे असं का?' म्हणून थांबली होती आणि मला ते 'हे' कोणतं हेसुद्धा कळत नव्हतं. मला रडू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे जरा बरंही वाटलं.

घरी आले तर जुई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी सगळं सांगितलं. पट्टी, शून्य, एकसष्ट, चारशे बारा. तिने ऐकून घेतलं आणि बापाच्या शर्टाची घडी घातली.

"म्हणजे तू मिळवलंस तर मी पन्हाळ्याला जाणार न्हाई?"

"नाही. आठवीत तंत्रशाखाही मिळेल. पहिला नंबर असेल तुझा."

"आणि खोके?"

"येतील."

"किती?"

"नियमाने चारशे बारा," मी म्हणाले. मला हसू आलं, तिला आलं नाही.

"मग नको," ती म्हणाली. "मला शून्यच बरंय."

"जुई, शून्य म्हणजे पन्हाळा."

"तरी बी." तिने दुसरा शर्ट ओढला. "शून्य असलं की कोण मागं लागत न्हाई. मागं बसायला मिळतं. एखादी गोष्ट महिनाभर कळली न्हाई तरी चालतं."

"पण मला तरी सांगायचंस ना गं! मी काय शाळा आहे?"

ती थांबली. बोलू की नको, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तुला एक विचारलं की तू दहा सांगतीस, आई. मग ते तुझं होतं. मला परत मिळतच न्हाई ते." आणि मग शर्ट टोपलीत टाकत, "सकाळी पट्टी लावताना तू माझ्याकडं कशी बघतीस म्हायतंय? मी खोका असल्यासारखी. उघडायचा ऱ्हायलेला."

मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले नाही. एरवी झाले असते. कपड्यांची टोपली उचलली आणि खाली आले.

भात लावला. कुकर शेगडीवर ठेवून टॅब समोर घेतला. दोन वाटा मला दिसत होत्या आणि दोन्ही वाईट होत्या. आकडे मिळवले तर तिच्या चारशे बारा गोष्टी तिच्या हातून जाणार. नाही मिळवले तर तीच जाणार. पण मापनाच्या नियमात एक कलम होतं, ते मीच कधीतरी दुसऱ्या एका पट्टीसाठी वापरलं होतं. माप सदोष ठरलं आणि दुरुस्त करणं अशक्य असलं, तर सगळी नोंद रद्द. ना शून्य, ना उसळी. मूल न मोजलेलं धरायचं. न मोजलेल्याला पन्हाळा नाही, तंत्रशाखाही नाही. आठवीत साधा वर्ग, पुढे जे जमेल ते. आणि मापन सदोष करणाऱ्या सेविकेला घरचा नाही तरी पाठ्यपुस्तकांच्या कोठाराचा रस्ता.

दुरुस्त करणं अशक्य व्हायला हवं, एवढीच अट होती.

बोट पडद्यावर होतं. चौथा रकाना बोटाच्या एका सरकण्याएवढा लांब होता. मी बघितला नाही. यात मोठेपणा काही नाही. वाचलं असतं तर मी गप्प बसू शकले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. जित्याची खोड. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी तीन वर्षांचे शून्याचे आकडे निवडले होते. दुसरी व्हायच्या आत ते आणि दुरुस्त केलेला तक्ता, दोन्ही पुसले होते.

महावीरला जेवताना सांगितलं. त्याने भाताचा घास तसाच धरून ठेवला.

"तंत्रशाखा गेली म्हण की."

"गेली."

"पोरगी मागावर जाईल माझ्यासारखी."

"जाईल कदाचित. नाहीतर नाही जाणार. मला माहीत नाही."

"तुला म्हाईत न्हाई, असं तू पहिल्यांदा म्हणालीस," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

जिल्हा समन्वयक पट्टणशेट्टी सर कोल्हापूरला बसतात. भला माणूस. फायलींच्या ढिगामागून त्यांचं फक्त डोकं दिसायचं. मी लेखी कबुली पुढे ठेवली. त्यांनी वाचली, चहा मागवला, दार लावलं.

"मॅडम, एवढ्यासाठी कबुली कशाला? रोजचं शून्य तुमच्या टॅबला असणार. मिळवून टाका. मुलीचं भलं होईल आणि विषय मिटेल. मी आत्ता सही करतो."

"नाही राहिलं, सर."

"म्हणजे?"

"पुसलं."

"कधी?"

"काल."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं, हे मला कळलं. खोटं मी बोलले नव्हते, पण खरंही पुरतं बोलले नव्हते. मग त्यांनी कबुली पुन्हा वाचायला घेतली, आणि या वेळी मधल्या परिच्छेदावर थांबले. सेविकेने समोरच्या मुलाकडे बघून शून्य लावल्यास आणि ते मूल तिचं स्वतःचं असल्यास, असा तो परिच्छेद होता.

"सगळ्या जिल्ह्यात असंच लावतात," ते म्हणाले. "भिंतीकडं कोण बघत बसतंय?"

"कुणीच नाही."

"माझी मिसेस जयसिंगपूरला पट्ट्या लावते."

 चहा आला. शिपाई कप ठेवून गेला.

"आमचा वरद तिच्याच शाळेत होता," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली पन्हाळ्याहून येऊन. आता सगळ्यात आधी हात वर करतो. सगळ्यात आधी. घरीसुद्धा, मॅडम. जेवताना भाजी हवी असली तरी हात वर करतो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या अर्जावर लिहिलं, 'माप दुरुस्त करणे अशक्य. नोंद रद्द.' सही केली. त्याच कागदावर माझ्या बदलीचा शेरा मारला, कारण तो मारणं भागच होतं. मी निघाले तेव्हा ते जयसिंगपूरला फोन लावत होते. घंटा वाजायच्या आधी त्यांनी तो बंद केला. काय सांगणार होते? वरदचं माप आता दुरुस्त करून तरी काय होणार होतं?

आता मी पाठ्यपुस्तकांच्या कोठारात असते. पुस्तकं मोजते, गठ्ठे बांधते, चारला घरी येते. थकवा तोच आहे, फक्त आता तो पाठीत असतो, डोक्यात नसतो. शाळेत माझ्या जागी दुसरी सेविका आली आहे. भिंतीकडे बघून शून्य लावा म्हणून नवं कडक परिपत्रक निघालं आहे. सगळ्या सेविकांनी ते वाचून सही केली असणार.

जुई साध्या वर्गात आहे. तिला पट्टी नाही. गच्चीवरच्या खोलीत ती शाळेतून आल्यावर जाते आणि जेवायला उतरते. तिथून खरवडल्याचे आवाज येतात, कधी एकसारखी टकटक, कधी तासभर काहीच नाही. हे तासभर काहीच नाही सगळ्यात अवघड. तेव्हा मी पीठ मळायला काढते. परवा महावीरचा जुना पाना सापडेना. मी विचारलं नाही. काल माझी मोठी चाळण गेली. विचारलं नाही. मला वाटलं होतं, न विचारण्याची सवय होईल. होत नाही. रोज नव्याने करावं लागतं.

आज वाटीत भडंग घेऊन वर गेले. दारावर टिचकी मारली. बऱ्याच वेळाने बोटभर फट झाली. जुईच्या नाकावर काळं काहीतरी लागलेलं होतं, केसांत सुताचे तंतू. तिने दार अंगाने अडवून धरलं होतं. मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं नाही, वाटीकडे बघितलं.

"विचारायचं न्हाई का तुला?" ती म्हणाली.

"विचारायचंय. लई विचारायचंय."

"मग?"

"काही नाही. भडंग आणलंय."

तिने वाटी घेतली, एक मूठ तोंडात टाकली आणि तसंच चावत म्हणाली, "मलाच अजून कळलं न्हाई, आई. काहीच कळंना झालंय!" तिचे डोळे असे चमकत होते की पट्टी असती तर जळून गेली असती. गेल्या चार वर्षांत ती माझ्याशी इतक्या आनंदाने एक वाक्य बोलली नव्हती.

तिने दार लोटून घेतलं. मी वरच्या पायरीवर बसले. आत काहीतरी धाडकन पडलं, पाठोपाठ ती मोठ्याने हसली, आणि मग पुन्हा खरवडायला लागली. काय पडलं, ती कशाला हसली, मला माहीत नाही. मी पायरीवरून उठले नाही.